उंची मोजणारा कायदा आणि दुर्लक्षित लहान धरणे

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, टोकोआ फॉल्स येथे, ६ नोव्हेंबर १९७७ रोजी मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास केली बार्न्स हे मातीचे लहान धरण फुटले. खालच्या बाजूस वसलेल्या बायबल महाविद्यालयाच्या परिसरात ३९ जणांचा बळी गेला. मूळच्या जुन्या बांधावर वीजनिर्मितीसाठी मातीचा भराव चढवत हे धरण वाढवले गेले होते. १९५७ मध्ये वीजनिर्मिती थांबली आणि जलाशय केवळ विहारासाठी उरला.

अशा धरणांचा खरा धोका येथेच सुरू होतो. वीज किंवा सिंचन देणाऱ्या धरणावर कर्मचारी असतात, नोंदी होतात, दुरुस्तीसाठी निधी मागता येतो. विहाराचे तळे मात्र काठोकाठ भरलेले दिसले की सारे ठीक आहे, असे मानले जाते. दरम्यान उतारावर झाडे वाढतात. त्यांची मुळे कुजली की भरावात पोकळ्या राहतात. घुशींची बिळे आणि जुन्या नळांच्या कडा पाझराला वाट देतात. पाझर स्वच्छ असेल तोवर त्यावर लक्ष ठेवणे पुरते. तो गढूळ झाला की आतील माती वाहू लागली आहे, असे समजावे. सांडवा तुंबला, तर पाणी माथ्यावरून वाहून काही तासांत भराव कापून काढते. केली बार्न्सच्या तीव्र उताराचा काही भाग १९७३ मध्येच घसरला होता. तो इशारा पुरेसा ठरला नाही.

भारतात धरण सुरक्षा अधिनियम, २०२१ त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरपासून लागू आहे. पंधरा मीटरहून उंच धरणे त्याच्या कक्षेत येतात. त्यामुळे गोव्यातील साळावलीचा प्रश्न उद्भवत नाही. दहा ते पंधरा मीटर उंचीच्या धरणासाठी मात्र किमान ५०० मीटर लांबी, दहा लाख घनमीटर साठा, सेकंदाला २,००० घनमीटर पूरविसर्ग, पायाची विशेष अडचण किंवा असाधारण रचना यांपैकी एक अट पूर्ण व्हावी लागते. केली बार्न्सची उंची सुमारे १३ मीटर, लांबी सुमारे १२२ मीटर आणि फुटतेवेळचा साठा सुमारे ७.८ लाख घनमीटर होता. उंची, लांबी व साठा या तिन्ही निकषांवर ते आपल्या कायद्याबाहेरच राहिले असते.

अमेरिकेत धरणाचा धोकावर्ग ठरवताना ते फुटल्यास खाली जीवितहानी संभवते का, हे पाहिले जाते. आपल्याकडील लहान धरणांनाही हीच कसोटी हवी. कोकणपट्टीतील पाऊस किती निर्दय असतो, हे २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरणाने दाखवले. तेथील गळतीबाबत ग्रामस्थांनी आधीच तक्रारी केल्या होत्या.

कायदा बदलेपर्यंत थांबण्याचे कारण नाही. प्रत्येक जुन्या मातीच्या धरणाचा जबाबदार मालक निश्चित करणे, खालच्या वस्तीची नोंद ठेवणे आणि पावसाळ्यापूर्वी सांडवा, उतार व विमोचक तपासणे, एवढे राज्य पातळीवर करता येते. पाणी वेळेवर उतरवण्याची सोयच नसेल, तर तळे रिकामे ठेवणे हाच शहाणपणा होय. नौकाविहाराचा एक हंगाम बुडाला तरी चालेल.