डाग नव्हे, साक्ष

मागील वर्षी स्वयंपाकाच्या ओट्यासाठी ग्रॅनाइटची लादी पाहावयास गेलो होतो. एका गुलाबी लादीत तळहाताएवढा काळसर, लंबगोल ठिपका होता. दुकानदार ओशाळून म्हणाला, “साहेब, आमां डाघ छे, बीजी लो.” मी तीच लादी घेतली. घरच्यांना तो माझा विक्षिप्तपणा वाटला. परंतु ज्याला आपण डाग म्हणतो तो पुष्कळदा दगडाच्या जन्माचा दाखला असतो, आणि तो वाचावयास मुलांना शाळेतच शिकविले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी कलाशाखेचा पदवीधर. माझे बालपण काणकोणात गेले. पाळोळ्याच्या किनाऱ्यावरील ग्रॅनाइटच्या धोंड्यांवर बसून मी पाठ घोकले. ‘अग्निज, स्तरित व रूपांतरित असे खडकांचे तीन प्रकार’ हे वाक्यही त्यांतच होते. ज्यावर बसलो आहे तो यांपैकी कोणता, हे मात्र मला कोणी विचारले नाही आणि मीही कोणास विचारले नाही.

ग्रॅनाइट हा पातालिक खडक, म्हणजे जमिनीत काही किलोमीटर खोल शिलारस सावकाश थिजून झालेला. दोन भूखंडांची टक्कर होऊन पर्वत उभे राहतात, आणि टक्कर ओसरल्यावर पुष्कळदा या शिलारसाला उधाण येते. खालच्या प्रावरणातून काळा, अतितप्त बेसाल्टी रस वर चढतो. त्याच्या धगीने वरचे कवच वितळून फिकट ग्रॅनाइटी रस होतो. पहिल्याचे तपमान ११०० ते १२०० अंश सेल्सिअस, दुसऱ्याचे ७०० ते ८०० च्या आसपास. दोघे भेटले की काळा रस एकदम निवतो, दाट फिकट रसात त्याचे गोळे बनतात आणि तसेच थिजतात. उष्णता पुरेशी टिकली तर दोघे एकजीव होऊन मधल्या रंगाचा तिसराच खडक जन्मतो.

हा गोळा म्हणजे जुन्या खडकाचा तुटून पडलेला तुकडा कशावरून नसेल? तुकड्याला बहुधा कोपरे असतात. अशा गोळ्याच्या कडा वाटोळ्या, नागमोडी असतात. शिवाय कधी कधी ग्रॅनाइटमधला फेल्स्पारचा मोठा स्फटिक गोळ्याच्या पोटात शिरलेला दिसतो. दोन्ही रस एकाच वेळी प्रवाही होते, याला याहून बोलका पुरावा कोणता?

प्रयोगशाळेतील बर्नर ज्याच्या नावाने ओळखला जातो, त्या बुन्सेनने आइसलंडचे खडक अभ्यासून १८५१ साली दोन शिलारसांच्या मिश्रणाची कल्पना मांडली. पुढे बोवेनने १९२८ च्या ग्रंथात, एकाच रसातून स्फटिक वेगळे होत जाऊन नाना खडक बनतात, असे प्रतिपादिले आणि मिश्रणाची कल्पना दीर्घकाळ मागे पडली. १९७० नंतर ती पुन्हा मानाने परतली, आणि त्यात अशा ‘डागां’च्या निरीक्षणाचा मोठा वाटा होता.

सुरतेत आपल्या पायांखाली तापीचा गाळ. पूर्वेस सोनगडकडे गेले की दख्खनचा काळा कातळ. ग्रॅनाइट जागेवर पाहावयाचा तर बडोद्यापुढे गोध्र्यास जावे. तिथला ग्रॅनाइट सुमारे ९५ कोटी वर्षांचा आहे. शाळेची एक सहल तिकडे न्यावी. मुलांनी हातोडा न चालविता धोंड्याधोंड्याजवळ बसावे, शोधावे आणि वहीत रेखाटावे.

पालक विचारतील, याने गुण किती वाढणार? कदाचित एकही नाही. परंतु जागोजाग डोंगर फुटून त्यांची खडी होत आहे. ती आपल्याच रस्त्यांना व घरांना लागते, म्हणून मी तिला सरसकट विरोध करीत नाही. तथापि फुटलेल्या कातळाची साक्ष पुन्हा मिळत नाही, आणि ती वाचणारे कोणी नसेल तर एखादा कातळ राखून ठेवा, असे म्हणणाराही कोणी उरणार नाही.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, या सुट्टीत गावी जाल तेव्हा एकच खडा आणा. सोबत चिठ्ठीवर ठिकाण व तारीख लिहा. वर्गातील एक फळी मी त्यासाठी रिकामी करून ठेवली आहे. डाग असलेला खडा आधी आणा.