चिखल्याचे मँगेनीज आणि मुलींचे विज्ञान

भंडारा जिल्ह्यातील चिखल्याच्या भूमिगत खाणीतून निघणारे मँगेनीज पोलाद उद्योगाला लागते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु निसर्गाने या धातूला याहून मोठे काम दिले आहे. हिरव्या पानात सूर्यप्रकाशाच्या बळावर पाण्याचे विघटन होऊन प्राणवायू मुक्त होतो, तो मँगेनीजच्या चार आणि कॅल्शियमच्या एका अणूच्या रचनेमुळे. सूर्यशक्तीपासून इंधन निर्माण करू पाहणारे रसायनशास्त्रज्ञ आज या रचनेचा कित्ता गिरवीत आहेत.

या विद्येचा पाया घालणाऱ्यांत केंब्रिजचे रॉबिन हिल होते. पानातून वेगळे काढलेले हरितकणही प्रकाशात प्राणवायू देतात, हे त्यांनी १९३७ साली दाखविले. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली कमला भागवत, म्हणजे पुढील काळातील कमला सोहोनी, यांनी वनस्पतिपेशींतील सायटोक्रोम सी शोधले व १९३९ साली डॉक्टरेट मिळविली.

याच कमलाबाईंना १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम गुणांनी मिळवूनही बंगलोरच्या विज्ञान संस्थेत सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून प्रवेश नाकारला होता. त्या हटल्या नाहीत, तेव्हा एक वर्षाच्या कसोटीवर त्यांना घेण्यात आले. पुढे डाळींतील प्रथिने व नीरेचे पोषणमूल्य यांवर संशोधन करून त्यांनी आपली विद्या गरिबाच्या ताटापर्यंत नेली.

कमलाबाईंचे वडील व काका स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते. अशा घरातील मुलीचीही वाट अडविली गेली, तर खाणकामगाराच्या मुलीची काय कथा? १९५२ च्या खाण कायद्याने स्त्रियांना भुयारातील काम वर्ज्य केले. २०१९ मध्ये हे बंधन सैल झाले, तेही तांत्रिक, पर्यवेक्षकीय व व्यवस्थापकीय कामांपुरते. म्हणजे ज्या मुलीला विज्ञान शिकण्याची संधी नव्हती, तिच्यासाठी दार तेव्हा उघडूनही बंदच राहिले होते.

२०१५ च्या दुरुस्तीनुसार खाणींकडून स्वामित्वधनाच्या प्रमाणात जिल्हा खनिज प्रतिष्ठानाकडे निधी जमा होतो, आणि शिक्षण हा त्याच्या अग्रक्रमाचा विषय आहे. त्यातून खाणपट्ट्यातील मुलींसाठी सुसज्ज प्रयोगशाळा व शिष्यवृत्त्या मिळाव्यात, ही मागणी कार्यकर्त्यांनी ग्रामसभेत मांडावी व खर्चाचा हिशेबही मागावा. हा निधी म्हणजे सरकारी कृपा नव्हे. ज्यांच्या पायाखालची जमीन पोखरली गेली, त्यांचा तो हक्क आहे.