संमती हवी, मग मराठी का नको?

अलिबागच्या पर्यटकाला खोली आरक्षित करताना मोबाइल अ‍ॅपला नाव, दूरध्वनी क्रमांक, ठावठिकाणा द्यावा लागतो. त्या माहितीचे पुढे काय होणार, हे सांगणारे गोपनीयता धोरण मात्र बहुधा इंग्रजीत, तेही अनेकदा परक्या अ‍ॅपवरून उचललेले! न समजलेल्या मजकुरावर घेतलेली संमती ही संमतीच नव्हे. २०२३च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात ही सूचना आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे. त्यांत मराठीही आहे. ज्या शिवछत्रपतींनी अलिबागसमोर कुलाबा किल्ला उभारायला घेतला, त्यांनीच परकी दरबारी परिभाषा हटवण्यासाठी राज्यव्यवहारकोश सिद्ध करवून घेतला. त्यांच्या वारसांना कोणती माहिती, कशासाठी, किती काळ आणि संमती मागे कशी घ्यावी, एवढे चार परिच्छेद स्वभाषेत लिहिणे जड का जावे?