मामाचा डबा आणि १२० जीबीचा डोस

गोरेगाव म्हटलं की तुमच्या डोक्यात वेस्टर्न लाइन आणि फिल्मसिटी येणार, ठाऊक आहे. मी म्हणतेय ते गोरेगाव हिंगोली जिल्ह्यातलं, सेनगाव तालुक्यातलं. रेल्वेने जायचं तर अकोला-पूर्णा मार्गावर हिंगोली डेक्कनला उतरायचं आणि पुढे एसटी. तिथे माझ्या मामाचं डीटीपीचं छोटंसं दुकान आहे. लग्नपत्रिका, बारशाची कार्डं, वाढदिवसाचे बॅनर आणि हो, दहाव्या-तेराव्याचे कागद. सगळा कारभार एका पेंटियम फोरवर. विंडोज एक्सपी, ४० जीबीची आयडीई हार्ड डिस्क, आणि मागे प्रिंटर पोर्टला लावलेलं डोंगल. ते डोंगल असेल तरच मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर उघडतं. सॉफ्टवेअरची सीडी कधीच गहाळ झाली.

‘नवा पीसी घ्या ना’ असं तुमच्यासारखंच मीही म्हटलं. मामा म्हणाला, “चालतंय की अजून. कामून बदलायचं, बाई?”

चालत होतं, पण आतून टक-टक असा आवाज येत होता. मंडळी, हा आवाज लक्षात ठेवा. हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला हजारो फेऱ्या मारते आणि तिच्यावर, केसाच्याही जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावर, वाचणारं डोकं तरंगत असतं. ते डोकं जागा चुकून पुन:पुन्हा मागे येऊ लागलं की असं टकटकतं. म्हणजे पेशंट सीरियस. अशा वेळी दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत. एक, चेकडिस्क चालवायचं नाही. ते डिस्कवर लिहितं, आणि मरायला टेकलेल्या डिस्कवर लिहिणं म्हणजे आजाऱ्याला मॅरेथॉनला पाठवणं. दोन, डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायची नाही. हा नुस्खा ऑफिसातला कुणीतरी हमखास सांगतो. डिस्क म्हणजे श्रीखंड नव्हे. आत बाष्प जमलं की उरलंसुरलंही जातं.

बरं, वाचवायचं काय होतं? पत्रिकांचे नमुने पुन्हा करता येतात. पण मामाकडे एक फोल्डर आहे, ‘फोटो-जुने’ नावाचं. कुणाचे आजोबा वारले की घरचे ट्रंकेतला कोपरे झिजलेला पासपोर्ट फोटो घेऊन यायचे. मामा तो स्कॅन करायचा, डाग पुसायचा, हाराची चौकट लावून द्यायचा. मूळ फोटो नंतर पावसात भिजले, वाळवीने खाल्ले, हरवले. वर्षश्राद्धाला लोक पुन्हा मामाकडेच येतात. गावातल्या कितीतरी चेहऱ्यांची शेवटची प्रत त्या टकटकणाऱ्या डब्यात होती.

म्हणून पहिला फंडा: आधी कॉपी, मग स्क्रू-ड्रायव्हर. पुण्यात तपकीर गल्लीतून मी दोन वस्तू नेल्या होत्या. आयडीई आणि साटा दोन्ही डिस्क यूएसबीला जोडणारी केबल, तिच्या स्वतःच्या पॉवर अडॅप्टरसकट. आणि साटा डिस्क आयडीई केबलला लावणारा छोटा कन्व्हर्टर. जुनी डिस्क काढून लॅपटॉपला लावली, लॅपटॉप पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सवर चालू केला आणि डीडीरेस्क्यू नावाचा फुकट प्रोग्रॅम सोडला. त्याची खासियत अशी की तो आधी सहज वाचता येणारा भाग उचलतो, अडलेल्या जागांची नोंद ठेवतो आणि शेवटी पुन्हा तिकडे वळतो. साधं कॉपी-पेस्ट पहिल्याच खराब सेक्टरवर हटून बसतं. ठणठणीत डिस्क असती तर ४० जीबीला अर्धा-पाऊण तास पुरला असता. हिला अख्खी रात्र लागली. सकाळी डिस्कची पूर्ण इमेज लॅपटॉपवर होती, दोन-चार मेगाबाइट वगळता. मामा रात्रभर दुकानातच झोपला होता. कशाला, ते त्यालाच माहीत!

आता नवी डिस्क. इतक्या कमी क्षमतेची नवी हार्ड डिस्क आता दुकानात मिळत नाही, म्हणून १२० जीबीची एसएसडी. ‘२५६ का नाही घेतली?’ त्याचं कारण मजेशीर आहे. जुने बायोस डिस्कवरच्या जागेचा पत्ता २८ बिटांत लिहायचे. २८ बिटांत साधारण २७ कोटी सेक्टर बसतात, प्रत्येक ५१२ बाइटचा. गुणाकार केला की येतात १३७ जीबी. त्यापुढची जागा अशा बायोसला दिसतच नाही, आणि २००२च्या सर्व्हिस पॅक १ आधीच्या एक्सपीलाही नाही. काही वेळा तर पुढे लिहायला गेलं की डेटा सुरुवातीच्या भागावरच येऊन पडतो. १२० जीबी या भिंतीच्या अलीकडे राहते. आणि हो, विंडोजमध्ये ती १११ जीबी दिसेल. दुकानदाराने फसवलेलं नसतं. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४च्या.

इमेज एसएसडीवर उतरवली आणि मग कॅबिनेट उघडलं. वायर काढलेली, एक हात कॅबिनेटच्या पत्र्याला, म्हणजे अंगातली स्थिर वीज चिपवर उतरत नाही. आयडीईची ती रुंद पट्ट्यासारखी केबल आठवते? तिच्या एका कडेला लाल रेघ असते. ती पहिल्या पिनची बाजू, बहुतेक डिस्कवर पॉवरच्या सॉकेटकडची. निळं टोक मदरबोर्डला, काळं टोक मास्टर डिस्कला, मधलं राखाडी स्लेव्हला. कन्व्हर्टरवर जंपर असेल तर मास्टरवर ठेवा. एकाच केबलवर दोघे मास्टर झाले तर दोघेही रुसतात, घरच्यासारखंच. एसएसडी लॅपटॉपच्या मापाची, अडीच इंची. तिला पट्टी लावून साडेतीन इंचाच्या खणात बसवायची. स्क्रू मात्र तिचेच, बारीक आट्यांचे. हार्ड डिस्कचे जाड आट्यांचे स्क्रू तिच्यात ठोकून बसवू नका.

कन्व्हर्टर का, तर एक्सपीसाठी. बोर्डवर साटा पोर्ट असेल तर तुम्हाला तिथेच लावायचा मोह होईल. पण विंडोज जिथे मुळात बसवलेलं असतं, तो कंट्रोलर बदलला की जुनं इन्स्टॉलेशन बऱ्याचदा निळा पडदा दाखवून बसतं. नव्याने एक्सपी टाकणार असाल तर बायोसमध्ये एएचसीआयऐवजी आयडीई मोड निवडा, कारण मूळ सीडीत एएचसीआयचा ड्रायव्हरच नाही. आम्ही त्याच केबलवर, त्याच जागी डिस्क लावल्यामुळे एक्सपीला बदल कळलासुद्धा नाही.

बायोसचं घड्याळ दर वेळी जुनंच साल दाखवत होतं, म्हणून सीआर२०३२ सेल बदलला. किराणा दुकानातसुद्धा मिळतो. एसएसडीवर उरलेल्या जागेत डिस्क मॅनेजमेंटमधून नवं पार्टिशन करून एनटीएफएस फॉरमॅट केलं. एक्सपी स्वतः ३२ जीबीपेक्षा मोठं फॅट३२ करतच नाही, आणि फॅट३२वर ४ जीबीहून मोठी फाइलही मावत नाही. शेवटची दहा-पंधरा जीबी मुद्दाम मोकळी सोडली. एक्सपीला ट्रिम येत नाही, म्हणजे कोणती जागा रिकामी झाली हे ते एसएसडीला सांगत नाही; मोकळ्या जागेने तिचा श्वास थोडा मोकळा राहतो.

डोंगल ओळखलं गेलं, पत्रिकेचा पहिला नमुना उघडला, आणि मामाने चहा सांगितला. इथे थांबावंसं वाटतं, पण एक गोष्ट राहते. मराठीवाल्यांची खास भानगड. त्या काळच्या डीटीपी फाइली युनिकोडमध्ये नाहीत. दुसऱ्या मशीनवर उघडल्या तर ‘चि. सौ. कां.’च्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. म्हणून फाइलींबरोबर फॉन्ट्सचं फोल्डरही घ्या आणि महत्त्वाच्या मजकुराची पीडीएफ आजच करून ठेवा. फोटो आम्ही एका साध्या, बाहेरून लावायच्या हार्ड डिस्कवरही टाकले. एसएसडी वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात पडली तर विसरू शकते.

मशीनची इंटरनेटची वायर मात्र मी काढून घेतली. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४लाच संपला. मामा जरा कुरकुरला, मग त्याने क्रिकेटचा स्कोअर मोबाइलवर लावला.

जुनी डिस्क भंगारवाल्याला द्यायची नाही, असं ठरलंय. तिच्यात लोकांची रेशनकार्डं, आधारच्या प्रती आहेत, आणि फॉरमॅट मारून त्या जात नाहीत. सहा महिने ती दुकानाच्या ड्रॉवरमध्ये राहील, उदबत्तीच्या पुड्यांशेजारी. मग दिवाळीत मी ड्रिल मशीन घेऊन येणार आहे. तबकडीला भोक पाडायचं काम मामाने आत्ताच स्वतःकडे घेतलंय.