पापनिवेदन माणसापुढें कां?

"अपराध देवाचा, क्षमा करणारा देव, मग धर्मगुरूच्या कानांत तें सांगावयाचें कशाला?" असा प्रश्न वरच्या वर्गांतील मुलें वारंवार विचारतात, आणि पालकांपैकीं अनेकांच्या मनांतही तो असतोच. कॅथॉलिक मंडळींतील या संस्कारास कोणी पापनिवेदन म्हणतात, कोणी प्रायश्चित्त-संस्कार. गोव्यांतील ख्रिस्ती मनुष्य पोर्तुगीज शब्दावरून त्यास 'कुमसार' म्हणतो. नांव कोणतेंही असो, त्यास पवित्र शास्त्राचा आधार नाहीं असें म्हणणें मला घाईचें वाटतें.

आक्षेप घेणारे बहुधा ५१ व्या स्तोत्राकडे बोट दाखवितात. तेथें दावीद राजा आपला अपराध केवळ देवाविरुद्ध घडला असें म्हणतो, हें खरें. परंतु त्या स्तोत्राचा मथळा वाचावयास ते विसरतात! नाथान संदेष्टा दावीदाकडे आला त्या प्रसंगाचें हें स्तोत्र, असें तेथें नमूद आहे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाचा १२ वा अध्याय उघडून पाहावा. उरीयाचा घात करून राजा स्वस्थ बसला होता. नाथानानें त्यास गरिबाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगितली, तेव्हां कोठें त्याच्या मुखांतून कबुली निघाली. आणि देवानें पाप दूर केलें हें वर्तमानही त्यास नाथानाच्याच मुखानें कळलें. कबुली देवापुढें, पण ऐकावयास मनुष्य उभा. मोशाच्या नियमशास्त्रांतही हीच रीत दिसते. गणनेच्या ५ व्या अध्यायाप्रमाणें ज्यानें दुसऱ्याचें नुकसान केलें त्यानें तें कबूल करावें, भरून द्यावें, आणि वर पांचवा हिस्सा अधिक द्यावा. पांच रुपये घेतले असतील तर सहा परत करावयाचे, असा हा हिशेब आहे.

नव्या करारांतील मुख्य आधार योहानकृत शुभवर्तमानाच्या २० व्या अध्यायांत आहे. पुनरुत्थानाच्या दिवशीं संध्याकाळीं, दारें लावून बसलेल्या शिष्यांवर प्रभूनें श्वास टाकला आणि पापांची क्षमा करण्याचा, तसाच ती रोखून धरण्याचाही अधिकार त्यांस दिला. या दुसऱ्या अर्ध्या भागाकडे लक्ष द्यावें. क्षमा करावी कीं रोखावी हें ठरविणाऱ्यास प्रकरण ऐकल्यावांचून कसें ठरवितां येईल? कॅथॉलिक मताची सारी भिस्त या एका प्रश्नावर आहे, आणि ती मला बळकट वाटते. प्रॉटेस्टंट बंधु या वचनाचा अर्थ सुवार्तेची घोषणा असा करितात. त्या अर्थासही जागा आहे, परंतु 'रोखणें' या शब्दाचें वजन त्यांत पुरतें उतरत नाहीं. याकोबाच्या पत्रांतील ५ व्या अध्यायाचें वचन मात्र मी पुढें करणार नाहीं. तेथें एकमेकांपाशीं पापें कबूल करण्यास सांगितलें आहे. त्यावरून धर्मगुरूचा अधिकार काढणें ओढाताणीचें होईल.

मध्यस्थ एकच, ख्रिस्त, असें पौल तीमथ्यास लिहितो. तोच पौल करिंथकरांस लिहितांना समेटाची सेवा आम्हांस सोंपविली आहे व आम्ही ख्रिस्ताचे वकील आहों, असेंही म्हणतो. वकिलानें धन्याचा निरोप पोंचविला म्हणून धन्याचें धनीपण कमी होत नाहीं.

संस्काराचें आजचें रूप शास्त्रांत जसेंच्या तसें सांपडणार नाहीं. आरंभींच्या शतकांत घोर पापांचें प्रायश्चित्त उघडपणें होत असे. खासगी व पुनःपुन्हां करावयाचें निवेदन आयर्लंडच्या संन्याशांनीं सहाव्या-सातव्या शतकांत रूढ केलें. वर्षांतून एकदां तरी तें करावें असा नियम १२१५ च्या लॅटरन परिषदेनें घातला. जाळीची लांकडी पेटी तर सोळाव्या शतकांतली. (संडे स्कूलचीं बांकेंही शास्त्रांत कोठें आढळत नाहींत.) शिवाय खासगी निवेदन रोमेंतच राहिलें असें नाहीं. १५३० च्या आउग्सबुर्ग येथील लूथरपंथीय मतपत्रिकेंत तें कायम ठेविलें आहे, आणि १६६२ च्या इंग्लिश प्रार्थनापुस्तकांत आजाऱ्याच्या भेटीच्या प्रसंगीं धर्मगुरूनें क्षमा उच्चारण्याची योजना आहे.

असें असतां या संस्काराची खरी हानि आक्षेपकांपेक्षां आपणच अधिक करितों. पाठ केलेली यादी घडघडा म्हणावयाची, सांगितलेल्या प्रार्थना उरकावयाच्या, आणि शेजाऱ्याच्या दप्तरांतून घेतलेलें पेन खिशांत तसेंच ठेवावयाचें! पश्चात्तापावांचून केलेलें निवेदन व्यर्थ आहे व शक्य तेथें भरपाई केलीच पाहिजे, हें कॅथॉलिक शिकवणीचेंच सांगणें आहे. जक्कयानें प्रभूचें घरीं स्वागत करून प्रकरण मिटविलें नाहीं. चौपट परत देण्याची तयारी दाखविली.

पालकांस एक विनंती आहे. मूल निवेदन करून घरीं आलें म्हणजे "काय सांगितलेंस?" असें त्यास विचारूं नये. ऐकलेली गोष्ट उघड करण्याची धर्मगुरूस सक्त मनाई आहे. निवेदन करणाऱ्याचा विश्वासघात केल्यास त्यास मंडळींतून बहिष्कृत होण्याची शिक्षा आहे. इतक्या कडेकोट बंदोबस्तांत ठेविलेली गोष्ट आपण स्वयंपाकघरांत उकरून काढावयाची, मग तें मूल पुढच्या खेपेस काय सांगेल व काय लपवील? मात्र दुसऱ्या दिवशीं तें आपण होऊन एखाद्याची वस्तु परत करावयास निघालें, आणि एकट्यानें जाण्याचा धीर त्यास होत नसला, तर त्याच्याबरोबर त्या घराच्या दारापर्यंत जरूर जावें.