‘आत ये’ म्हणण्याआधी...

हिवाळा लागला, की टीव्हीवर दिल्ली दिसायला लागते. करडं आभाळ, तोंडाला मास्क लावलेली पोरं आणि खाली पट्टी : शाळा बंद. नोव्हेंबर २०१६ मध्ये तिथल्या शाळा तीन दिवस बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा आपल्याला केवढं नवल वाटलं होतं! मग २०१७, २०१९, २०२१, २०२३, २०२४... आता तर हवेचा आकडा किती झाला की काय काय बंद करायचं, याचं कोष्टकच तिथं तयार आहे. त्या बातम्या बघून आमच्या औंढ्यातल्या बायकाही हल्ली विचारतात, “अहो ताई, आपण पोरांना कधी घरात ठेवायचं?”

प्रश्न चांगलाच आहे. पण त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलाय, तो मात्र कुणी विचारत नाही. घरात ठेवायचं म्हणजे नेमकं कशात ठेवायचं?

आधी बाहेरचं बघू. “आपल्याकडं कुठं आलंय प्रदूषण? ते शहरातल्या लोकांचं दुखणं,” असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. स्वच्छ हवेसाठी केंद्र सरकारनं २०१९ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्यात आजचं छत्रपती संभाजीनगर आहे, जालना आहे, लातूर आहे, हिंगोली नाही. पण यादीत नाव नाही म्हणून धूर थांबतो थोडाच! ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली, की यंत्राच्या तोंडातून निघणारा धुरळा नाकातोंडात जातो. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या शेकोट्या. त्यात कुणी जुनं टायर टाकतं, कुणी कचऱ्याचा ढीगच पेटवून देतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये हळद निघते. ती शिजवायला जाळ लागतो आणि वाळल्यावर ड्रममध्ये घालून पॉलिश करताना पिवळी धूळ उडते. हळदीच्या जिवावर आमच्या जिल्ह्यात किती घरांतली लग्नं होतात, किती पोरांच्या फिया भरल्या जातात! तिला नावं ठेवायची नाहीत मला. पण छातीत गेली, की धूळ ती धूळच.

आता त्या आकड्याबद्दल. आपल्या देशात २०१५ पासून हवेचा निर्देशांक सांगितला जातो. ५० पर्यंत हवा चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट आणि त्यापुढं गंभीर. १०० च्या वर गेलं, की दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो; २०० च्या वर बराच वेळ बाहेर राहिलं, तर बहुतेकांनाच. एवढं आपण पाठ करून टाकू. पण धूलिकणांचा हा हिशेब चोवीस तासांच्या सरासरीवर होतो, हेही ध्यानात असू द्या. सकाळी सात वाजता तुमच्या गल्लीच्या तोंडाशी पेटलेला ढीग त्या सरासरीत कुठल्या कुठं विरून जातो. शिवाय मोबाइलवर दिसतो तो आकडा बऱ्याचदा लांबच्या यंत्राचा किंवा अंदाजानं काढलेला असतो. तुमच्या अंगणाचा तो नव्हे.

आमच्या गावाजवळ दुधाळ्याला लायगो वेधशाळा उभी राहतेय. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं तिच्यासाठी २६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या, आणि त्यांतली हवा जवळजवळ पूर्ण काढून टाकणार, कारण एखादा कणसुद्धा मधे यायला नको! कुठल्या कुठं आकाशात दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, तर त्याचा थरथराट इथं मोजता येणार. अभिमानच वाटतो मला त्याचा. पण आमच्या पोरांच्या छातीत किती कण जातात, ते आम्ही अजून डोळ्यांनी आणि नाकानंच मोजतोय.

आणि खरं सांगू? डोळे आणि नाक अगदीच वाईट यंत्रं नाहीत. रोज दिसणारा डोंगर धुरकट दिसतोय, उन्हं वर आली तरी वास जात नाही, घसा खवखवतोय, एवढं कळलं तरी पुष्कळ. थंडीत पहाटेची हवा जड असते, धूर खालीच रेंगाळतो. उन्हं तापली, की तो वर जातो. म्हणून त्या दिवसांत पोरांनी पहाटे पळायला जाण्यापेक्षा दहानंतर खेळावं. पळताना लेकरू तोंडानं आणि जोरानं श्वास घेतं. वजनाच्या मानानं ते मोठ्या माणसापेक्षा जास्तच हवा ओढतं, आणि त्याचं फुफ्फुस अजून वाढतं असतं.

म्हणजे वेळ पडली, तर बोलवा की आत! पण आत काय आहे?

आमच्याकडं बऱ्याच घरांत गॅस आहे. उज्ज्वला योजना २०१६ साली आली, तेव्हा शेगडी घरोघरी पोचली. पण सिलिंडर लवकर संपू नये म्हणून गॅसवर चहा आणि दूध, अन् भाकरी, वरण, अंघोळीचं पाणी चुलीवर, असा हिशेब कितीतरी जणी करतात. पैसे बघितले, तर तो चूक म्हणवत नाही. चुलीत तुराट्या, पऱ्हाट्या. पावसाळ्यात ओलं सरपण. आणि पेटत नसलं, की कॅरीबॅगचा तुकडा. वर पत्रे, एकच दार, खिडकी असली तर थंडीमुळं बंद. घरातल्या अशा धुरामुळं लहान लेकरांना न्यूमोनिया होण्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. रात्री त्याच खोलीत डासांची कॉइल. एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघतात, असं २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं होतं. बापानं पोरासमोर एक बिडी ओढली, तर आपण घर डोक्यावर घेतो. कॉइल मात्र उशाशी ठेवतो!

यात सगळ्यात जास्त कोण भरडलं जातं, ते बघा. गल्लीत धुरळा उडाला, की हाक कुणाला जाते? पोरगा क्रिकेट खेळतच राहतो. पोरीला म्हणतात, “धुरळ्यात काय उभी राहिलीस? आत ये.” आणि आत आली, की “जरा चुलीकडं बघ गं, पाणी उतू जाईल.” झालं! अंगणातल्या धुरळ्यातून काढून आपण तिला जाळासमोर बसवतो, आणि वर तिची काळजी घेतल्याचं समाधान! हवा वाईट असेल, तर ती दोघांनाही वाईट आहे. खेळ थांबवायचा तर दोघांचा थांबवा. पोरींना घरात बसवायला आधीच काय कमी कारणं आहेत, त्यात हे नवं कशाला?

तर मैत्रिणींनो, माझा आडाखा सांगते. आकडा २०० च्या आत असेल आणि आसपास काही जळत नसेल, तर पोरांना खुशाल खेळू द्या. दमा असलेल्या लेकराला मात्र १०० च्या पुढं पळापळीचे खेळ नकोत. २०० च्या पुढं बाहेर कामापुरतंच, धावणं नाही. ३०० च्या पुढं, किंवा जवळच कचरा, टायर, शेत पेटलं असेल, तर आकडा न बघता सगळ्यांनी आत. पण तेव्हा घरातला जाळ आधी विझवायचा, धूर येतो त्या बाजूचं दार-खिडकी लावायची, केरसुणीऐवजी ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं. धूर ओसरला, की दार सताड उघडायचं आणि पोरांना पुन्हा बाहेर सोडायचं. महिनाभर कोंडून ठेवलेलं लेकरू दुसऱ्या रोगानं आजारी पडतं. ओढणी नाकाला गुंडाळून बारीक कण थांबत नाहीत, हेही सांगून ठेवते.

आणि आकडा काहीही असो, लेकराच्या श्वासाकडं लक्ष हवं. ते शांत असताना घड्याळ लावून मिनिटभर श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले, छाती आत ओढली जात असेल, शिटीसारखा आवाज येत असेल, तर वाफ, लेप करत बसू नका. तडक दवाखाना गाठा. आपल्या आशाताईंना हे मोजमाप ठाऊक असतं. एकदा त्यांच्याकडून शिकून घ्या.

शाळेच्या पालकसभेतही हे बोलायला हवं. थंडीत कवायत उशिरा घ्या, पटांगणाच्या कडेला पालापाचोळा जाळू नका, एवढंच मागायचंय. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५ हजार रुपये दंड करावा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्येच दिलाय. हे नुसतं ठणकावून सांगितलं, तरी काडी ओढणारा हात जरा थबकतो.

नामदेवांच्या कीर्तनासाठी आमच्या नागनाथाचं देऊळ फिरलं, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आपल्याला देऊळ फिरवायचं नाही, चूल तेवढी हलवायची आहे. सोय असेल, तर तिला पडवीत, वाऱ्याच्या वाटेवर आणू. सरपण कोरडं ठेवू, कॅरीबॅग चुलीत घालणार नाही, पेटवताना लेकरू कडेवर घेणार नाही. आणि सिलिंडरच्या पैशाचा विषय निघाला, की नवऱ्याला सांगू, दवाखान्याचं बिल बघ आणि मग बोल.

एवढं झालं, की मग दारात उभं राहून खुशाल हाक मारा, “चला रे, चला गं, आत या!”