झाडू दिलात, आता कारभारही द्या!

पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे जन्मस्थान चौंडी ज्या जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्यास २०२४ साली त्यांचे नाव लाभले. त्याचा आनंद यथोचितच आहे. परंतु देशभर घाट आणि विहिरी उभारणाऱ्या या राज्यकर्तीच्या हाती खजिना होता, निर्णय होता. आज शहर स्वच्छतेत बचत गटांचा ‘सहभाग’ म्हणजे काय? अनेकदा हाती झाडू, गळ्यात हार आणि एक छायाचित्र. कंत्राट मात्र दुसऱ्याच्याच नावे!

‘भगिनींना हे जमेल का?’ असा प्रश्न साळसूदपणे विचारला जातो. महिन्याच्या महिन्याला हिशेब लिहून बँकेचे कर्ज फेडणाऱ्या स्त्रियांविषयी ही शंका यावी, हेच नवल! पुण्यात १९९३ साली संघटित झालेल्या कचरावेचकांनी पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभारली आणि २००८ साली महापालिकेशी करार केला. त्यात बहुसंख्य स्त्रियाच आहेत, आणि त्या संस्थेच्या मालक आहेत. छत्तीसगडातील अंबिकापुरात तर बचत गटांच्या स्त्रियांनी घरोघरचा कचरा गोळा करून, वेगळा करून, विकून दाखविला. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनीही कचरावेचकांचे बचत गट करून त्यांना या कामात सामावून घेण्यास सांगितले होते. अडचण क्षमतेची नाही, इच्छाशक्तीची आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. पिढ्यान्‌पिढ्या ज्या समाजांवर घाण उपसण्याचे काम लादले गेले, त्यांच्याच लेकीसुनांना ‘सक्षमीकरणा’च्या नावाने पुन्हा त्यात लोटायचे काय? मुळीच नाही! म्हणूनच अटी ठाम हव्यात. मैलाटाकीचा उपसा यंत्रानेच व्हावा; संरक्षक साधने व सुरक्षेची खबरदारी यांविना हाताने तो करविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. किमान वेतन, हातमोजे, विमा हे उपकार नव्हेत. गटांची दारे सर्व जातींना खुली असावीत. हे काम पवित्र असेल, तर ते एकाच वस्तीच्या वाट्याला का? समरसता व्यासपीठावर नव्हे, अशा ठिकाणी सिद्ध होते.

शिर्डीपासून जामखेडपर्यंतच्या पालिकांनी एकेका प्रभागाचे काम, त्याचा पूर्ण दर, वाहने आणि वेळेवर देयके बचत गटांच्या स्वाधीन करावीत. आपण नागरिकांनी ओला-सुका कचरा घरीच वेगळा करावा. अहिल्यादेवींचे नाव घेणाऱ्यांनी त्यांच्या लेकींना कारभारही द्यावा. अन्यथा पाटी बदलली, वृत्ती नाही, असेच म्हणावे लागेल.